प्रणितचा पगार

सुमती टिपणीस यांनी सरकारच्या सांख्यिकी खात्यात एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर त्या नवीन पनवेलच्या आपल्या फ्लॅटमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवू लागल्या. अंकिता भोईर त्यांच्याकडे दोन वर्षं आली. मुलगी हुशार. यंदा लॉची प्रवेश परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि जुलैच्या एका सकाळी तिचे वडील भगवान भोईर तिला घेऊन सुमतीबाईंच्या दारात उभे राहिले. हातात एका खाजगी लॉ कॉलेजची गुळगुळीत पुस्तिका होती.

"मॅडम, तुमी आकड्यातलं मानूस. हे जरा वाचून सांगा," भगवान म्हणाले. सुकापूरला त्यांची जमीन होती, आता तिथे त्यांच्याच नावाच्या दोन इमारती होत्या. "शंभरातली पंच्याण्णव पोरं कामाला लागली, असं लिवलंय. पगार सरासरी नऊ लाख साठ हजार. पाच वर्षांचे मिलून अठरा लाख भरायचेत, आनि पैला हप्ता शनवारी. भरू का?"

सुमतीबाईंनी चष्मा लावला. पुस्तिकेत काळा कोट घातलेली मुलंमुली हसत होती. तीन वर्षांपूर्वी पास झालेली बॅच आज कुठे आहे, असं पान होतं आणि पानभर मोठ्या अक्षरात ते दोन आकडे.

"कुणाची सरासरी?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"म्हणजे पास किती झाले, त्यातल्या कितींनी उत्तर दिलं, आणि पगार कितींनी सांगितला? ते इथे लिहिलेलं नाही. अंकिता, कॉलेजकडून मूळ तक्ता माग. पालकांना बघायचा आहे म्हणून सांग."

तक्ता दुसऱ्याच दिवशी आला. कॉलेजचा प्लेसमेंट ऑफिसर भावेश हा उत्साही माणूस होता. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं, म्हणून त्याने नावं आणि फोन नंबरांसकट सगळं पाठवून दिलं. त्यावर "जानेवारीतील सर्वेक्षण" असं लिहिलेलं होतं.

सुमतीबाईंनी पेन्सिल घेतली. ऐंशी मुलं पास झाली होती. उत्तर दिलं बेचाळीस जणांनी. त्यातले चाळीस नोकरीत, म्हणजे झाले पंच्याण्णव टक्के. उरलेली अडतीस मुलं कुठल्या कोपऱ्यात होती कुणास ठाऊक, त्यांना हिशेबातच घेतलं नव्हतं. चाळिसांपैकी अकरा जणांना खुद्द कॉलेजनेच सहा महिन्यांसाठी "संशोधन सहायक" म्हणून ठेवलं होतं. आणि पगाराचा आकडा फक्त नऊ जणांनी दिला होता. नवांतला एक चौतीस लाखांचा, दुसरा चौदा लाख चाळीस हजारांचा. मधला, पाचव्या क्रमांकाचा पगार होता चार लाख ऐंशी हजार.

इथे काम संपलं असतं. पण एकतीस वर्षांची सवय होती. आकड्यामागचा माणूस एकदा तरी फोनवर भेटल्याशिवाय सुमतीबाईंना तो आकडा खरा वाटत नसे. त्यांनी नऊही नंबर लावायचं ठरवलं.

चौतीस लाखवाला दुबईत मामाच्या कंपनीत होता. एकाने "कोण बोलतंय?" म्हणून फोन आपटला. एक जण कसनुसं हसला आणि म्हणाला, "मॅडम, तीन लाख ऐंशी मी सांगितले खरे, पण त्यातल्या चार महिन्यांचा पगार मला अजून मिळालेला नाही." मग त्यांनी चौदा लाख चाळीस हजारांचा नंबर लावला. नाव होतं प्रणित घरत. द्रोणागिरीतल्या एका मालवाहतूक कंपनीत विधी अधिकारी.

फोन एका बाईने उचलला. "तो कामावर गेलाय. मी आई त्याची, रमा. काय विचारायचं ते मला विचारा, मला सगलं ठाव हाय."

आणि खरंच तिला सगळं ठाऊक होतं. मूळ पगार किती, घरभाडं भत्ता किती, भविष्य निर्वाह निधी किती कापतात. तो तिसऱ्या मजल्यावर बसतो. टेबल खिडकीशी आहे. खिडकीतून खाडीकडची जुनी उघाडी दिसते, जिच्यातून पूर्वी मीठागरात भरतीचं पाणी घ्यायचे. शेजारी आभा नावाची बाई बसते, तिला दुपारी डोकं दुखायची सवय आहे. एकतीस वर्षांत इतकं नीट उत्तर सुमतीबाईंना कुणी दिलं नव्हतं. बाई बोलत असताना पलीकडे कुणीतरी कागद उलटत होतं. एक पान, थोडं थांबून दुसरं पान. मन लावून वाचणारा माणूस उलटतो तसं.

"घरी कोणी आहे का आणखी?" सुमतीबाईंनी सहज विचारलं.

"नाय," रमा म्हणाली. "मी एकटीच."

त्यानंतरचा नंबर स्नेहल नावाच्या मुलीचा होता. ती पनवेल कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम करत होती, चार लाख ऐंशी हजार तिचेच. ती मोकळेपणाने बोलली. शेवटी सुमतीबाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गातल्या प्रणित घरतने बरीच मजल मारली की."

स्नेहलचा आवाज खाली आला.

"मॅडम, प्रणित गेला. आमचा शेवटचा निकाल लागायच्या आधीच. कर्नाळ्याच्या उतारावर बाईक घसरली. आम्ही सगळे गेलो होतो."

"मग द्रोणागिरीची नोकरी?"

"लागली होती. कॅम्पसमधूनच. सोमवारी रुजू व्हायचं होतं, शनिवारी गेला."

फोन ठेवल्यावर सुमतीबाईंनी पंखा बंद केला. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं, त्याचा फडफडाट त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्नेहलकडून पत्ता घेऊन सुकापूरला रमाकडे गेल्या. मीठागर सरकारने घेतल्यावर मिळालेल्या पैशातून रमाने तिथे एका इमारतीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं होतं. बाई पन्नाशीची, सडपातळ, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली. घर लख्ख होतं. भिंतीवर हार घातलेला फोटो नव्हता. दारामागच्या खुंटीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट लटकत होता आणि ओट्यावर स्टीलचा तीन पुडांचा डबा भरायला काढलेला होता.

"बसा, ताई. आधी डबा भरते. जगन येईल इतक्यात," रमा म्हणाली.

जगन तिचा पुतण्या. तो टेम्पो चालवायचा, रोज साडेअकराला द्रोणागिरीच्या गोदामांकडे जायचा. रमाने भात भरला, वर कालवण, तिसऱ्या पुडात जवळा. जगन आला, डबा घेऊन खाली मान घालून निघून गेला.

"डबा कुणाला जातो, रमाताई?" सुमतीबाईंनी हळूच विचारलं.

"प्रनितला."

"मला स्नेहलने सांगितलं."

रमाने हात पुसले. तिचा चेहरा बदलला नाही. "सांगनारच. ती आलेली ना तवा. पन ताई, डबा रोज रिकामा येतो. मी नुसता धुवायचा बाकी. शीत राहत नाय. मंग तो खात नाय, असं मी कसं म्हनू?"

सुमतीबाईंनी पर्स उचलली. त्या उठल्या, जिना उतरल्या. जगनचा टेम्पो अजून खाली उभा होता. काचेतून तो त्यांच्याकडेच पाहत होता.

"चला, मॅडम," तो म्हणाला. "तुमी पन बगा एकदा. मला तीन वर्षं झाली, मी गेटच्या आत कदी गेलो नाय."

उरणच्या रस्त्याला लागल्यावर तो इतकंच बोलला की, ही सगळी गोदामं मीठागरांवर उभी आहेत, आणि प्रणितची कंपनी तर घरतांच्याच मिठाच्या कोंड्यांवर, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांवर, आहे. काकीला तिथली माती न बघता ओळखू येते. पण इमारत बांधल्यापासून ती आत गेलेली नाही. एकदा फक्त गेटपर्यंत आली होती.

गेटवरच्या माणसाने डबा घेतला आणि सुमतीबाईंना वर पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर पंधरावीस टेबलं, कॉम्प्युटर, थंड हवा. खिडकीशी एक टेबल रिकामं होतं आणि त्याच्या शेजारी पन्नाशीच्या आतली एक बाई कपाळ दाबत बसली होती.

"आभा?" सुमतीबाईंनी विचारलं.

ती दचकली. सुमतीबाईंनी कामाचं सांगितलं तशी ती त्यांना बाजूला घेऊन गेली. मनुष्यबळ विभागाचं काम तीच बघायची.

"प्रणित इथे कधीच रुजू झाला नाही, मॅडम. त्याच्या जागी तीन जणांना घेतलं. तिघांनीही टेबल बदलून मागितलं. कारण कुणी सांगितलं नाही. मग आम्ही ते तसंच सोडलं." तिने खिडकीकडे पाहिलं. "डबा पहिल्या सोमवारीच आला. आम्ही परत पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन गेटवर उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही, दुपारभर फक्त वर या खिडकीकडे बघत राहिली. तेव्हापासून डबा टेबलावर ठेवतो. दीड वाजता आम्ही सगळे खाली कँटीनला जातो. परत येतो तोवर डबा रिकामा."

"कोण खातं?"

"सगळ्यांनी एकमेकांना विचारून झालं."

"कॅमेरा आहे की वर."

"आहे. बघायचं ठरलं होतं," आभा म्हणाली. "मग कुणी बघितलं नाही."

सुमतीबाईंनी पर्समधून तक्ता काढला. "कॉलेजने तुम्हाला मेल पाठवला असेल, हा मुलगा तुमच्याकडे आहे का म्हणून."

"दर जानेवारीत येतो."

"काय उत्तर दिलंत?"

आभाची नजर जमिनीकडे गेली. "हो म्हणून. पहिल्या वर्षी मी 'नाही' असं टाईप केलं होतं, मॅडम. बटण दाबता येईना. मागे उभं राहून कुणी वाचत असलं की कसं होतं, तसं झालं." मग तिला तक्त्यातला आकडा दिसला आणि तिने तो कागद हातात घेतला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्याच्या आईने. जानेवारीत, कॉलेजला."

आभाने कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. "त्या जागेचा पगार एप्रिलमध्ये वाढला. संचालकांनी बंद खोलीत ठरवला. बाहेर कुणालाच माहीत नाही, अजून पत्रंही निघालेली नाहीत." स्क्रीनवर आकडा होता: चौदा लाख चाळीस हजार.

सुमतीबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर आलेल्या आकड्याची भीती वाटली.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी शिपायाने डबा आणून खिडकीच्या टेबलावर ठेवला. माणसं न बोलता उठायला लागली. आभा म्हणाली, "चला, मॅडम, खाली."

"मी इथे बसते," सुमतीबाई म्हणाल्या. "कुणीतरी बघायला हवं."

"नका बसू."

पण त्या बसल्या. रिकाम्या टेबलासमोरच्याच खुर्चीवर बसल्या, कारण डबा तिथूनच नीट दिसत होता. दार लागलं. मजला रिकामा झाला. खिडकीबाहेर पावसाने धुतलेली गोदामं, त्यापलीकडे खारफुटी आणि तिच्या मधोमध मोडकी उघाडी, रमाने सांगितली होती तशीच. सुमतीबाईंनी घड्याळ पाहिलं. दीडला एक मिनिट कमी होतं. डब्यावर नजर रोखून त्या बसल्या. पाणी खाडीतून आत शिरताना दिसत होतं. भरती होती बहुधा. इतक्या पावसाळी दिवसांत मीठ कसं पिकत असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, पावसाळ्यात कुठे मीठ पिकतं, दसऱ्यानंतर कोंड्या बांधायला घेतात. आणि मग वाटलं, हे आपल्याला कसं माहीत?

दार उघडलं. आभा आत आली, मागे इतर. आभा दारातच थांबली.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. डब्याचे तिन्ही पूड उघडे होते, रिकामे, पुसून घेतल्यासारखे. सुमतीबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांना हळद लागली होती. तोंडात जवळ्याची खारट, तिखट चव होती. आई गेली त्या वर्षापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्यांनी मासळीला हात लावला नव्हता.

काही जणांनी चटकन आपापल्या हातांकडे पाहिलं. रोज कँटीनला जाणाऱ्यांतले सगळेच रोज कँटीनला पोचत होते का, हे विचारायची सुमतीबाईंना हिंमत झाली नाही. त्यांनी डबा बंद केला आणि खाली आणून जगनच्या हातात दिला. त्याने तो हलवून पाहिला, मान डोलावली आणि गाडी सुरू केली.

शुक्रवारी त्यांनी भावेशला फोन केला.

"तक्त्यातला प्रणित घरत हयात नाही. त्याला वगळा. पुस्तिकेतली सरासरी नऊ लाखांवर येईल, आणि मधला पगार साडेचारवर."

"मॅडम, असं कसं वगळू?" भावेश खरोखरच गोंधळला होता. "आमचा नियम आहे, दोन ठिकाणहून खात्री करायची. घरच्यांनी हो म्हटलंय, कंपनीने लेखी हो म्हटलंय. उलट या एकाच मुलाची दोन्हीकडून खात्री झालीय. बाकीच्यांची एकीकडूनसुद्धा नाही. तुम्ही मृत्यूचा दाखला द्या, मी आजच काढतो."

दाखला एकाच घरात मिळण्यासारखा होता. सुमतीबाई पुन्हा सुकापूरला गेल्या. काय बोलायचं ते रिक्षात बसून चारदा ठरवलं आणि दारात सगळं विसरल्या. रमानेच त्यांना आत बसवलं, पाणी दिलं.

"तिथं जाऊन आलात ना?" ती म्हणाली. "जगन बोलला."

"रमाताई, तुम्हाला तो आकडा कुणी सांगितला? पगाराचा?"

"कुनी नाय. फोन आला की तोंडातून येतो. मी बोलते तवा मलाच नवल वाटतं." तिने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. "मी येडी नाय झाले, ताई. मला ठाव हाय तो गेला. मीच त्याच्या कानात हाक मारली, त्यानं डोला उघडला नाय. वर्साच्या आत लोकांनी त्याचं नाव घेयाचं सोडलं. माझ्यासमोर तर कोनीच घेत नाय, मला वाईट वाटंल म्हनून. मंग कॉलेजचा फोन आला. बाई गोड बोलली. प्रनित कसा हाय, कुठं हाय, खूश हाय का, पुढं काय करनार? इतकं कुनी इचारलं नव्हतं. मेला म्हनून सांगितलं असतं तर तिनं सॉरी म्हनून फोन ठेवला असता. मी म्हटलं, बरा हाय."

सुमतीबाईंनी आयुष्यभर असे फोन केले होते, माणसं लावून करवून घेतले होते. उत्तर देणाऱ्याला प्रश्नाचीच भूक असेल, हे कुठल्याही रकान्यात नव्हतं.

"मला दाखला हवा आहे, रमाताई," त्या म्हणाल्या. "भगवान भोईरांची मुलगी त्या आकड्यावर भरवसा ठेवून आयुष्याची पाच वर्षं घालणार आहे. तिच्यासारखी आणखी साठ-सत्तर. प्रणितचा पगार बघून ती येतील, आणि त्यांना तसा मिळणार नाही."

रमाने पेला उचलला. मग ती आत गेली. आतल्या खोलीत तिचं बोलणं ऐकू आलं, हळू आवाजात, समजावणीच्या सुरात. मध्येमध्ये ती थांबायची, जणू कुणी काही म्हणत होतं. सुमतीबाई खुर्चीची कड घट्ट धरून बसल्या. मग रमा प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद घेऊन बाहेर आली.

"घ्या. तो म्हनतो, द्या." तिने कागद सोडला, पण नजर सोडली नाही. "आता कॉलेजचा फोन येनार नाय. नाय का?"

"नाही येणार," सुमतीबाई म्हणाल्या. आणि आपण काय बोलतोय याचा विचार व्हायच्या आत बोलून गेल्या, "मी करीन."

भावेशने शब्द पाळला. प्रणितची ओळ निघाली. बाकीचे आकडे मात्र त्याच मोठ्या अक्षरात राहिले, फक्त नऊ लाख साठ हजारांच्या जागी नऊ लाख आले. सुमतीबाईंनी भगवानना आणि अंकिताला समोर बसवून कागदावर सगळं उलगडून दाखवलं. ऐंशीतल्या अडतीस जणांचा पत्ता नाही. अकरा जण कॉलेजच्याच भाकरीवर. ज्यांनी पगार सांगितला त्यातल्या मधल्याला साडेचार लाख, आणि न सांगणाऱ्यांना बहुधा त्याहून कमी.

"म्हंजे वकील होऊ नये पोरीनं?" भगवाननी विचारलं.

"वकील व्हावं. पण हे अठरा लाख देऊन नाही."

अंकिताने तो कागद पुन्हा एकदा वाचून काढला. मग म्हणाली, "बाबा, मी मुंबईला सरकारी कॉलेजचा फॉर्म भरते. नाहीच लागला नंबर, तर पुढच्या वर्षी परत परीक्षा देते." तिसऱ्या यादीत तिचा नंबर लागला. भगवाननी पेढे आणून दिले, पण तोंडावर थोडी नाराजी होतीच. चकचकीत पुस्तिका त्यांनी नातेवाइकांना दाखवून झाली होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुमतीबाईंनी रमाला फोन लावला. दुपारचे चार वाजले होते. समोर वही नव्हती, पेन्सिल नव्हती.

"रमाताई, सुमती बोलतेय. प्रणित कसा आहे?"

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. मग रमा हसली. तिचं हसू सुमतीबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"बरा हाय. नोकरी सोडली त्यानं, ताई. दिवालीनंतर. म्हनाला, झालं आता तिथलं."

"बरं केलं," सुमतीबाई म्हणाल्या. "मग आता?"

"आता घरीच हाय. झोपून असतो जास्ती. आत्ताच उठलाय." फोनवर दूर कुठेतरी पलंग करकरला, आणि अनवाणी पावलं फरशीवरून जवळ येऊन थांबली. "हितंच हुबा हाय. देऊ का फोन त्याच्याकडं?"

सुमतीबाईंनी डोळे मिटले. पलीकडे कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं, आणि तो श्वास रमाचा नव्हता.

"नको, रमाताई," त्या म्हणाल्या. "त्याला आराम करू दे. तुम्हीच बोला."

आणि रमा बोलत राहिली.